निर्णायक निकाल लागला. आता पुढची धोरणे कशी ओळखावीत?

मतमोजणीच्या रात्री एखाद्या पक्षाचा आकडा बहुमताची रेषा ओलांडून थांबायचे नाव घेत नाही, तेव्हा वाहिन्यांवर ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द घुमत राहतो. दुसऱ्या दिवशी समर्थक म्हणतात की आता सगळे बदलणार. विरोधकही नेमके तेच म्हणतात, फरक असतो तो फक्त सुराचा. दोन-तीन वर्षांनी हिशेब मांडला, तर बहुधा दोघांचेही अंदाज फसलेले दिसतात. सत्ता कोणाकडे गेली हे निकाल सांगतो, परंतु ती कोणत्या कामी लागणार आणि कुठे अडणार हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. ते ओळखण्याची एक साधी पद्धत मी गेली अनेक वर्षे वापरत आलो आहे आणि तिचा सगळा भर एका प्रश्नावर आहे : या निकालानंतर सरकारला ‘नाही’ म्हणू शकेल असे कोण उरले आहे?

साहित्य म्हणाल तर एक कोरा कागद पुरतो. वरच्या भागात निकालाचे आकडे लिहावेत, खाली डावीकडे विजयी पक्षाची सात-आठ मोठी आश्वासने उतरवावीत आणि प्रत्येक आश्वासनासमोर ते अडवू शकणाऱ्यांची नोंद करण्यासाठी जागा सोडावी. कागद निकालाच्या आठवड्यातच भरावा, कारण महिन्याभराने लिहायला बसलो तर घडून गेलेल्या गोष्टी आपल्याला आधीपासूनच ठाऊक होत्या असे वाटू लागते.

आधी आकडा फोडून पाहावा

जागा आणि मते हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ रोजी मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या, म्हणजे जवळजवळ ६३ टक्के. मते मात्र ३३.७ टक्के होती आणि मतदानही ६० टक्क्यांच्या थोडे खालीच राहिले होते. याच पक्षाला २०१७ मध्ये ४० टक्के मते मिळाली होती आणि तेव्हा तो २६२ जागांवर अडकून विरोधी बाकांवर बसला होता. मते घटूनही जागा दीडपटीहून अधिक झाल्या त्या प्रतिस्पर्ध्यांची मते फुटल्यामुळे. ज्याच्या पदरात सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत असे घडतेच. त्यात गैर काही नाही, पण धोरणांचा अंदाज बांधताना हा फरक फार मोलाचा ठरतो. संसदेतले बहुमत विधेयक मंजूर करून देते. ते विधेयक लोकांच्या अंगावर येते तेव्हा लागणारी सहनशीलता मतांच्या टक्केवारीतून येते. जागा भरपूर आणि मते बेताची असतील, तर सरकार कायदे झपाट्याने करू शकेल, परंतु कडू औषध पाजताना त्याचा हात थरथरेल, असे कागदावर लिहून ठेवावे.

यानंतर उंबरठे तपासावेत. बहुतेक देशांत साधा कायदा साध्या बहुमताने होतो, तर राज्यघटना बदलण्यासाठी दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक अट असते; काही ठिकाणी त्याशिवाय राज्यांची संमती किंवा सार्वमतही लागते. त्यामुळे ५५ टक्के जागा आणि ६५ टक्के जागा यांत जो फरक आहे, तो ६५ आणि ६७ मधल्या फरकापुढे किरकोळ ठरू शकतो. हंगेरीत २०१० साली फिदेस्झ पक्षाला आणि त्याच्या मित्रपक्षाला सुमारे ५३ टक्के मतांवर ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या. हा आकडा दोन तृतीयांशाच्या रेषेच्या जेमतेम वर होता, परंतु त्या जेमतेमपणातून पुढच्याच वर्षी संपूर्ण नवी राज्यघटना मंजूर झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागूही झाली. रेषेपासून पाच-दहा जागा खाली राहिले असते, तर त्यांना हे एकट्याच्या बळावर साधले नसते. म्हणून आपल्या कागदावर ‘प्रचंड’, ‘दणदणीत’ असली विशेषणे लिहू नयेत. कोणता उंबरठा ओलांडला आणि कोणता राहिला, एवढेच लिहावे.

जाहीरनामा वाचताना क्रियापदांकडे पाहावे

जाहीरनामे कोणी वाचत नाही, अशी तक्रार नेहमीचीच आहे. मला तर वाटते की ते चुकीच्या दिवशी वाचले जातात. मतदानाआधी जाहीरनामा हे जाहिरातपत्र असते. निर्णायक निकालानंतर तो दस्तऐवज बनतो, कारण मित्रपक्षांनी अडवले किंवा बहुमत नव्हते ही सबब आता हाताशी उरलेली नसते.

वाचताना प्रत्येक वाक्याचे क्रियापद पाहावे. ‘प्रयत्नशील राहू’, ‘चालना देऊ’, ‘बळकट करू’, ‘आढावा घेऊ’ या वाक्यांवर सरळ काट मारावी. जिथे आकडा, तारीख किंवा विशिष्ट कायद्याचे नाव आहे, ती वाक्ये डाव्या रकान्यात घ्यावीत. मग ‘करणार नाही’ असे सांगणारी वाक्ये वेगळ्या रंगाने लिहावीत, कारण माझ्या अनुभवात पुढच्या धोरणांची दिशा सर्वांत चोख तीच सांगतात. सरकारने स्वतःच बंद केलेले दरवाजे माहीत झाले की ते कोणत्या खिडकीतून बाहेर पडणार, याचा अंदाज बांधता येतो.

ब्रिटनचेच उदाहरण थोडे जवळून पाहू. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात श्रमिकांवरचा कर वाढवणार नाही असे म्हटले होते, आणि त्याचा अर्थ स्पष्ट करताना प्राप्तिकराचे दर, राष्ट्रीय विमा (पगारावर कर्मचारी आणि मालक दोघांनीही भरायची वर्गणी) आणि मूल्यवर्धित कर या तिन्हींना हात लावणार नाही, असे सांगितले होते. सरकारी उत्पन्नाचे सर्वांत मोठे तीन नळ असे स्वतःच्या हाताने बंद केल्यावर पैसा कुठून येणार? ज्याने निकालाच्या आठवड्यात हा प्रश्न कागदावर लिहिला असेल, त्याला ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पाचे आश्चर्य वाटले नसेल. राष्ट्रीय विम्याचा कर्मचाऱ्यांकडून घेतला जाणारा हिस्सा आहे तेवढाच ठेवून मालकांकडून घेतला जाणारा हिस्सा १३.८ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आला. आश्वासन मोडले की पाळले, यावर पुष्कळ वाद झाला आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु वाढ कोणत्या फटीतून येणार, हे ‘करणार नाही’च्या यादीने आधीच दाखवून दिले होते.

जाहीरनाम्यात असण्याला आणखी एक वजन आहे. ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात असा संकेत पाळला जातो की विजयी पक्षाने जाहीरनाम्यात सांगितलेले विधेयक तिथे दुसऱ्या वाचनात पाडायचे नाही. लिखित नियम नसला तरी बहुतेक लोकशाही देशांत याच्या जवळपास जाणारी समजूत असते : जे सांगून मते मागितली, ते करण्याचा अधिकार मिळाला. जे सांगितले नव्हते ते करायला घेतले की हाच जनादेश हातातून निसटू लागतो. जुलै २०२४ च्या अखेरीस त्याच ब्रिटिश सरकारने पेन्शनरांना हिवाळ्यातील इंधनासाठी मिळणारी रक्कम केवळ अल्प उत्पन्न गटापुरती मर्यादित केली. या निर्णयाचा जाहीरनाम्यात उल्लेख नव्हता. सरकारी खर्चाच्या मानाने रक्कम लहान होती, पण नाराजी इतकी पसरली की २०२५ च्या जूनमध्ये सरकारला घूमजाव करून बहुसंख्य पेन्शनरांना ती पुन्हा सुरू करावी लागली. चारशेहून अधिक खासदार पाठीशी असताना हे घडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

‘नाही’ म्हणणाऱ्यांची यादी

आता कागदाची उजवी बाजू. इथे घाई करू नये, कारण सगळे मर्म याच रकान्यात आहे.

पहिला मान दुसऱ्या सभागृहाचा. ते वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या पद्धतीने निवडले जात असेल, तर एका रात्रीच्या लाटेने ते बदलत नाही. भारतात १९८४ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत चारशेहून अधिक जागा मिळाल्या. एवढे बहुमत त्या देशात त्याआधी कोणाला मिळाले नव्हते आणि त्यानंतरही मिळालेले नाही. तरीही पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारे ६४ वे घटनादुरुस्ती विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत आवश्यक मतांअभावी पडले. पुढे १९९१ मध्ये आलेल्या काँग्रेस सरकारकडे स्वतःचे साधे बहुमतही नव्हते, परंतु त्याच विषयावरची ७३ वी दुरुस्ती त्याच सरकारच्या काळात १९९२ मध्ये मंजूर झाली, आणि उद्योगांवरील परवान्यांची बंधने उठवणारे नवे औद्योगिक धोरणही त्याच अल्पमतातील सरकारने सत्तेवर आल्यावर महिन्या-दीड महिन्यात जाहीर केले. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती, त्यामुळे त्या वेळी ‘नाही’ म्हणण्याची किंमत सर्वांनाच परवडण्यासारखी नव्हती. ज्यांना कौलाच्या आकारावरून धोरणाचा आकार मोजायची सवय आहे, त्यांनी ही दोन सरकारे एकदा शेजारी ठेवून पाहावीत.

कधी कधी निर्णायक निकाल हेच दुसऱ्या सभागृहाचे मन वळवण्याचे साधन ठरते. जपानमध्ये ऑगस्ट २००५ मध्ये टपाल खात्याच्या खाजगीकरणाची विधेयके वरिष्ठ सभागृहाने फेटाळली, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांत सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते. पंतप्रधान कोइझुमी यांनी कनिष्ठ सभागृह विसर्जित केले, विधेयकांविरुद्ध मत देणाऱ्या स्वपक्षीयांना उमेदवारी नाकारली आणि संपूर्ण निवडणूक या एकाच प्रश्नावर लढवली. पक्षाला ४८० पैकी २९६ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच वरिष्ठ सभागृहाने तीच विधेयके मंजूर केली. सभागृहाची रचना बदलली नव्हती. कौल कशासाठी मागितला हे इतके स्पष्ट होते की ‘नाही’ म्हणणाऱ्यांना तोंड उरले नाही. निवडणूक एका प्रश्नावर झाली की अनेक प्रश्नांच्या गोळाबेरजेवर, हे म्हणूनच कागदावर वेगळे नोंदवावे. पहिल्या प्रकारात त्या एका विषयावर सरकारचा हात बळकट असतो आणि बाकीच्या विषयांवर तो नेहमीइतकाच असतो.

न्यायालयांची नोंद करताना ती सरकारला अडवतील का, एवढेच विचारून थांबू नये. सरकारने न्यायालयालाच वळवायचा प्रयत्न केला तर सरकारचे स्वतःचे लोक साथ देतील का, हेही विचारावे. अमेरिकेत १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली आणि सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाकडे तीन चतुर्थांशांहून अधिक जागा आल्या. त्यांच्या आर्थिक कायद्यांना सर्वोच्च न्यायालय खोडा घालत होते, म्हणून न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची योजना त्यांनी १९३७ च्या फेब्रुवारीत मांडली. प्रचारात तिचा उच्चारही झाला नव्हता. जुलैमध्ये सिनेटने ती समितीकडे परत पाठवून गुंडाळली, आणि ते केले त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी. मोठ्या विजयात पक्षाच्या बाकांवर अनेक विचारांचे, अनेक प्रदेशांचे लोक येऊन बसतात. विरोधक क्षीण झाले की विरोधाचे काम पक्षातच सुरू होते. ब्रिटनमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात अपंगत्वविषयक भत्त्यांत कपात करणाऱ्या विधेयकावर सत्ताधारी पक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी बंडाची तयारी दाखवली आणि सरकारला विधेयकाचा कणाच काढून घ्यावा लागला. त्यामुळे ‘नाही’च्या रकान्यात ‘स्वतःचे खासदार’ ही ओळ कधीही वगळू नये, आणि बहुमत जितके मोठे तितकी ती वर घ्यावी.

सावकार हा असा मतदार आहे की जो मतदान केंद्रावर येत नाही. ग्रीसमध्ये जानेवारी २०१५ मध्ये काटकसर संपवण्याच्या आश्वासनावर सिरिझा पक्ष सत्तेवर आला. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी कर्जदात्यांच्या अटी धुडकावल्या. याहून स्पष्ट कौल कोणता असणार? परंतु त्या वेळी बँका बंद होत्या, खातेदारांना दिवसाला ६० युरोच काढता येत होते, आणि सार्वमतानंतर आठ दिवसांत, १३ जुलैला, त्याच सरकारने अटींसकट नवे कर्ज घेण्याचे मान्य केले. ब्रिटनमध्ये २०१९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मिळवलेले जवळपास ८० जागांचे आधिक्य २०२२ मध्ये पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रस यांना वारशाने मिळाले होते. त्यांच्या सरकारने २३ सप्टेंबरला कर्ज काढून करसवलती देण्याची योजना जाहीर केली. सरकारी रोख्यांचे भाव असे कोसळले की काही दिवसांत मध्यवर्ती बँकेला मध्ये पडावे लागले आणि २० ऑक्टोबरला पंतप्रधानांनी राजीनामा जाहीर केला. यासाठी आपल्या कागदावर तीन गोष्टी हव्यात : सरकारवर कर्ज किती, ते कोणाचे, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातले किती फेडायचे किंवा नव्याने उभारायचे आहे. हे आकडे अर्थ मंत्रालयाच्या किंवा मध्यवर्ती बँकेच्या अहवालांत मिळतात. वाचायला रुक्ष असतात, पण दहा राजकीय भाषणांपेक्षा जास्त बोलतात.

रस्त्यावरचा विरोध आधी मोजता येत नाही, म्हणून त्याची नोंद पेन्सिलीने करावी. कायद्याचा फटका संघटित गटाला बसणार असेल आणि त्या गटाशी आधी चर्चा झालेली नसेल, तर ती रेघ थोडी जाड ओढावी. भारतात २०१९ मध्ये वाढीव बहुमताने परतलेल्या सरकारने २०२० मध्ये तीन कृषी कायदे आधी अध्यादेशाने आणि मग संसदेतून आणले. वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले.

रकाना रिकामा राहिला तर

‘नाही’ म्हणणारे कोणीच सापडत नसेल, तर सगळी आश्वासने धडाक्यात पुरी होणार, असे समजून कागद मिटू नये. खरी काळजी तिथूनच सुरू होते. श्रीलंकेत नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे ५२ टक्के मतांनी अध्यक्ष झाले; ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरमध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षांचे अधिकार आणखी वाढवले. जाहीरनाम्यात शेती सेंद्रिय करण्यासाठी दहा वर्षांची मुदत होती. प्रत्यक्षात २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली. थांबा म्हणणारे कृषितज्ज्ञ होते, पण त्यांचा ‘नाही’ ऐकण्याची सक्ती कोणावर नव्हती. नोव्हेंबरमध्ये बंदी उठवली तोवर पिकांचे नुकसान होऊन गेले होते. सत्तेवर येताच दिलेल्या मोठ्या करसवलतींनी तिजोरी आधीच पोखरली होती. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली आणि जुलैमध्ये अध्यक्षांना देश सोडावा लागला. म्हणून रिकाम्या रकान्यासमोर मी दोनच शब्द लिहितो : ‘वेग तपासा’. जाहीरनाम्यात दहा वर्षांचे सांगितलेले काम दहा आठवड्यांत होऊ लागले, तर ते कार्यक्षमतेचे लक्षण समजण्याआधी थोडे थांबावे.

रिकाम्या रकान्यातला दुसरा धोका म्हणजे कुलूप. हंगेरीच्या नव्या घटनेने अनेक विषय अशा कायद्यांकडे सोपवले की ज्यांना हात लावण्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. त्याचा अर्थ, एका निवडणुकीत मिळालेले बहुमत पुढच्या निवडणुकीत साध्या बहुमताने आलेल्यांनाही बांधून ठेवते. नवे कायदे वाचताना त्यांत काय लिहिले आहे यासोबत ते बदलायला किती मते लागतील, हेही पाहावे; एखाद्या देशाचे पुढचे दशक कळण्यासाठी दुसरी माहिती बहुधा जास्त उपयोगी पडते.

पहिल्या शंभर दिवसांत काय टिपावे

इथे फार खोलात शिरण्याचे कारण नाही. भाषणे सोडून द्यावीत. तीन ठिकाणी लक्ष ठेवावे. अर्थखाते कोणाला मिळाले, पहिल्या आठवड्यात कोणता आदेश निघाला, आणि पहिल्या अर्थसंकल्पात डाव्या रकान्यातील कोणत्या आश्वासनासमोर खरोखर रक्कम पडली. १ मे १९९७ रोजी जिंकलेल्या ब्रिटिश मजूर पक्षाने ६ मे रोजी व्याजदर ठरवण्याचा अधिकार मध्यवर्ती बँकेला देऊन टाकला. पाचव्या दिवशी, प्रचंड बहुमत हाती असताना, सरकारने स्वतःचा एक अधिकार सोडला आणि स्वतःला ‘नाही’ म्हणणारा नवा घटक उभा केला. बाजाराशी भांडायचे नाही हे त्याचे पुढचे धोरण त्या एका निर्णयात दिसून आले. मोठी आणि कडू कामे याच काळात निघतात, कारण पुढची निवडणूक लांब असते. अमेरिकेत १९६४ मध्ये ६१ टक्के मते घेऊन निवडून आलेल्या लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांचा आरोग्यविमा आणि मतदानहक्क कायदा ही दोन्ही कामे १९६५ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातावेगळी केली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत ज्या आश्वासनाचे विधेयकही आले नाही, त्याच्यावर मी सहसा काट मारतो.

एक भरलेला कागद

श्रीलंकेचाच नोव्हेंबर २०२४ चा निकाल घेऊ. वरच्या भागात असे लिहिले जाईल : राष्ट्रीय जनशक्ती आघाडीला २२५ पैकी १५९ जागा, मते सुमारे ६१ टक्के, मावळत्या संसदेत या आघाडीच्या फक्त ३ जागा होत्या. दोन तृतीयांशाची रेषा १५० वर आहे, म्हणजे ती ओलांडली. मते आणि जागा यांत फार अंतर नाही, म्हणजे कौल केवळ विरोधकांच्या फाटाफुटीतून आलेला नाही. दुसरे सभागृह नाही. अध्यक्षही याच आघाडीचे, सप्टेंबरमध्ये निवडून आलेले. मात्र त्या वेळी पहिल्या पसंतीची ४२ टक्केच मते मिळाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली होती. दोन महिन्यांत पाठिंबा एवढा वाढला त्यात नव्या अध्यक्षांना संधी द्यावी, हा भाव मोठा होता, आणि असा भाव उधारीचा असतो, अशी टीप मी समासात लिहीन.

डाव्या रकान्यात भ्रष्टाचाराविरुद्ध कारवाई, नवी राज्यघटना व कार्यकारी अध्यक्षपद रद्द करणे, करांचा बोजा हलका करणे, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी अटींबाबत पुन्हा बोलणी, ही आश्वासने येतात. उजवीकडे पाहिले तर पहिल्यासमोर संसदेतून अडथळा जवळपास नाही. तिथे वेग तपास यंत्रणा आणि न्यायालये ठरवणार. दुसऱ्यासमोर संसदेतील मते पुरेशी आहेत, परंतु सार्वमताची पायरी आहे आणि जो अधिकार स्वतःच्या हातात आला तो स्वतःच सोडायचा आहे. विरोधात असताना हे आश्वासन देणे सोपे असते. तिसऱ्या आणि चौथ्यासमोर मात्र ‘नाही’ ठळक अक्षरांत आहे. मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेला सुमारे तीन अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कर्ज कार्यक्रम चालू आहे, आणि २०२५ पासून व्याज वगळता अर्थसंकल्पात देशांतर्गत उत्पादनाच्या २.३ टक्के शिल्लक राहिली पाहिजे, हे त्याचे लक्ष्य आहे. ही शिल्लक दाखवायची तर कर मोठ्या प्रमाणात खाली आणता येत नाहीत. म्हणून या दोन ओळींसमोर ‘चौकट तीच, आत थोडी हलवाहलव’ असे लिहावे. झालेही तसेच : सरकारने कार्यक्रम चालू ठेवला, डिसेंबर २०२४ मध्ये परकीय रोख्यांची पुनर्रचना पार पाडली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात लक्ष्य तेच ठेवून प्राप्तिकराची सूट-मर्यादा वाढवली. ६१ टक्के मतदारांनी जुन्या पक्षांना घरी पाठवले, पण जुन्या पक्षांनी केलेला करार त्यांना घरी पाठवता आला नाही.

कागदाच्या तळाशी पुन्हा उघडून पाहण्याच्या तारखा टाकाव्यात. या उदाहरणात त्या अशा : प्रत्येक अर्थसंकल्पाचा दुसरा दिवस, नाणेनिधीचा कार्यक्रम संपण्याचा २०२७ चा मार्च महिना, कारण त्या दिवसापासून उजवीकडचा सर्वांत जाड ‘नाही’ पुसट होऊ लागतो, आणि २०२८ हे वर्ष, जेव्हा पुनर्रचना झालेल्या कर्जाच्या हप्त्यांचा भार पुन्हा वाढू लागेल.